गोंदण दिसेल असा कॅमेरा



सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे. बाईंनी कॅमेरा कोणता घ्यावा? (बाई म्हणजे मी. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं की पुढे घरचे लोकसुद्धा बाईच म्हणायला लागतात!) पेन्शनमधून पंचवीस हजार रुपये बाजूला काढले आहेत. पुण्याहून मुलगा म्हणतो, "आई, नवा कॉम्पॅक्ट घे. खिशात बसतो, वॉरंटी असते, डोक्याला ताप नाही." सेलूचा भाचा म्हणतो, "मामी, तेवढ्याच पैशात वापरलेला डीएसएलआर येतो, तो घ्या." आणि नात म्हणते, "आजी, फोन आहे की तुझ्याकडे! कॅमेरा कशाला हवाय?"

तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. मुलाला प्रवासात ओझं नको असतं, भाच्याला यंत्रं खोलून बघायची हौस आहे, आणि नातीला काढलेला फोटो पुढच्या मिनिटाला मैत्रिणीला पाठवायचा असतो. पण कॅमेरा मला घ्यायचा आहे, म्हणून आधी मला कशाचे फोटो काढायचे आहेत ते ठरवलं पाहिजे. ते ठरलं की बाकीचं गणित आपोआप सुटतं. माझं ठरलं आहे, आणि माझं मत जुन्या डीएसएलआरच्या बाजूनं आहे. का, ते सविस्तर सांगते.

वालूरचं नाव काढलं की हल्ली सगळ्यांना बारव आठवते. आमची बारव आहेच तशी. पायऱ्या गोल गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात, वरून पाहिलं तर चकली ठेवल्यासारखी दिसते. मधली कितीतरी वर्षं तिची आठवण कुणाला नव्हती. गेल्या काही वर्षांत राज्यभर बारवा स्वच्छ करण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या गावकऱ्यांनीही गाळ-कचरा उपसला आणि बारव पुन्हा उजेडात आली. आता लांबून लांबून माणसं येतात, ड्रोन उडवतात, फोटो काढतात. घरच्यांना वाटलं, बाईंनाही बारवेचेच फोटो काढायचे असणार.

तर तसं नाही. बारवेसाठीच कॅमेरा घ्यायचा असता, तर मी एक रुपयाही खर्च केला नसता. बारव उघड्यावर आहे, तिच्यावर भरपूर ऊन पडतं, आणि ती जागची हलत नाही. अशा ठिकाणी साधा फोनसुद्धा उत्तम काम करतो. उलट फोनमध्ये जी अतिरुंद लेन्स असते, तिच्यात बारवेचा सगळा घेर मावतो. डीएसएलआरबरोबर येणाऱ्या नेहमीच्या लेन्समध्ये तो मावेलच असं नाही. बारवेचे हजारो फोटो झाले आहेत. उद्या आणखी हजार होतील.

मात्र या गावात आडा-विहिरींवरून पाणी शेंदून ज्यांनी घरं चालवली, त्या बायकांचे फोटो कुणाकडे आहेत?

पंच्याऐंशी-नव्वदीच्या मोजक्याच बायका आता गावात उरल्या आहेत. त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदलेली ही शेवटची पिढी. कुणाच्या हातावर तुळस, कुणाच्या विंचू, कुणाच्या भावाचं नाव. त्यांच्या सुनांनी थोडंफार गोंदवलं, नातींनी अजिबात नाही. (आता शहरात टॅटू म्हणून पुन्हा आलंय, ते वेगळं!) आमच्याकडे जुन्या बायका म्हणतात, सोनं-नाणं इथंच राहतं, माणसाबरोबर फक्त गोंदण जातं. त्या हे समाधानानं म्हणतात. मी शाळामास्तरीण, मला त्यातली दुसरी बाजू दिसते. ते त्यांच्याबरोबर जातं, म्हणजे आपल्याकडे काहीच राहत नाही.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या अशाच एक मावशी गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरात तीन कर्ते मुलगे, सहा फोन, आणि मावशींचा एकही धड फोटो नाही. लग्नाच्या घोळक्यात कुठंतरी अर्धा पदर दिसतोय, एवढंच. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तुम्ही पाहिला असेल असा फोटो, गावोगाव भिंतींवर आहेत. करड्या रंगाचा, चेहरा घाबरलेला, डोळे कॅमेऱ्याकडे वटारलेले. ज्या बाईनं सगळ्या गल्लीला हसवलं, तिचा पुढच्या पिढ्यांना दिसणारा चेहरा हा! कपाळावरचं गोंदण तर पार गेलेलंच.

इथे थोडा इतिहास सांगते, सवय जात नाही. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात राजा दीनदयाळ यांच्यासारखा छायाचित्रकार होऊन गेला. सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार. १८९२ साली त्यांनी पडद्यातल्या स्त्रियांसाठी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पुरुषासमोर बसायला संकोच, म्हणून फोटो काढणारीही बाईच! मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. पण त्या स्टुडिओत कोण जात असे? नवाबांच्या, जहागीरदारांच्या घरच्या बायका. त्याच राज्यात वालूरला जात्यावर बसलेल्या बाईपर्यंत कॅमेरा येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे राज्य बदललं, कॅमेरे स्वस्त झाले, घरोघरी फोन आले, तरी त्या बाईचा फोटो राहिला तो राहिलाच. मी बाई आहे, यातल्या निम्म्याजणींची मुलं-नातवंडं माझ्या हाताखाली शिकली आहेत, मला स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. म्हणून हे काम मी करायचं ठरवलं आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. बसून वाद घालण्यापेक्षा करून पाहावं, म्हणून मी एक प्रयोग केला. मुलाचा कॉम्पॅक्ट मागून घेतला, भाच्याच्या मित्राकडून जुना डीएसएलआर दोन दिवसांसाठी आणवला, माझा फोन होताच. तिन्ही घेऊन ओळखीच्या एका आजींकडे गेले. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं, माळवदाचं. बाहेर अंगण, आत अंधाराची खोली, माळवदातल्या झरोक्यातून एक उजेडाचा पट्टा खाली येतो, तेवढाच. आजी म्हणाल्या, "बाई, माहा फोटू कामून काढायलाव?" म्हटलं, तुमच्या पणतीला दाखवायला. मग पदर नीट करून बसल्या.

आधी अंगणात काढले. खरं सांगते, अंगणातले तिन्ही फोटो पाच बाय सात इंचाच्या कागदावर छापून घेतले, तर कुठला कशानं काढला हे मला ओळखता आलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण डीएसएलआरवाली मंडळी हे कबूल करत नाहीत. उजेड भरपूर असेल तर कॉम्पॅक्ट काही कमी नाही.

मग आत गेलो. आजींची नेहमीची जागा आत, चुलीजवळ. तिथं काढलेल्या फोटोंत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. कॉम्पॅक्टच्या फोटोत चेहरा ओला हात फिरवलेल्या पाटीसारखा, सगळं थोडं थोडं पुसलेलं. फोनचा फोटो पहिल्या नजरेला सुंदर दिसला, उजळ, स्वच्छ. पण नीट पाहिलं तर आजी साठीच्या वाटायला लागल्या! सुरकुत्या गुळगुळीत झालेल्या, रंग उजळलेला, आणि हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका फिका पडून कातडीत मिसळून गेलेला. डीएसएलआरच्या फोटोत थोडा रवाळपणा होता, पण ठिपका होता. कपाळावरची हिरवट निळी रेघही होती. सुरकुत्यांमधून ती जिथं तुटली, तिथं तुटलेलीसुद्धा दिसत होती.

असं का होतं, ते समजून घेऊ. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस दोघींवर सारखाच पडतो, पण परातीत जास्त पाणी साठतं. कॅमेऱ्यात उजेड झेलणारी जी चकती असते, सेन्सर, तिचं असंच आहे. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. निकॉनच्या साध्या डीएसएलआरचा साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट होतं. दोन्हींवर मेगापिक्सेल वीस-चोवीसच लिहिलेले असतील, पण एक वाटी आहे आणि एक परात. उन्हात वाटीसुद्धा भरून वाहते, म्हणून फरक दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत उजेड थेंबाथेंबानं येतो, तिथं वाटीत तळ झाकण्यापुरताच जमतो. मग फोटोत दाणे दिसायला लागतात, आणि ते दाणे घालवण्यासाठी कॅमेरा आतल्या आत पुसापुशी करतो. त्या पुसापुशीत त्याला दाणा कुठला आणि गोंदण कुठलं, हे कळत नाही.

फोनचं आणखी वेगळं. त्याची चकतीही लहानच, पण तो हुशार. पटापट अनेक फोटो घेतो, एकमेकांवर बसवतो, वर चेहरा ओळखून तो "सुंदर" करतो. ही सोय पुष्कळ फोनमध्ये बंद करता येते, पण पूर्ण बंद झाली की नाही ते कळत नाही. शाळेत आम्ही म्हणायचो, चित्र काढ, शोभा करू नकोस. फोनला शोभा केल्याशिवाय राहवत नाही. ज्याला आपला फोटो मैत्रिणीला पाठवायचाय त्याची ती गरजही असेल. पण जे आहे ते जसंच्या तसं ठेवायचं असेल, तर असा हुशार मदतनीस नको.

वयाचंही एक कारण आहे, आणि तरुण मंडळी ते विसरतात. कॉम्पॅक्टला बहुधा मागचा पडदा तेवढा असतो. मराठवाड्याच्या उन्हात त्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं! शिवाय चष्म्यातून जवळचं बघायचं म्हणजे हात लांब धरायचा, आणि लांब धरलेला हात सत्तरीनंतर थरथरतो. डीएसएलआरला डोळा लावायची खिडकी असते. तिच्या बाजूला एक छोटं चाक असतं, ते फिरवून आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे चित्र स्पष्ट करून घेता येतं. कॅमेरा कपाळाला टेकला, कोपर बरगडीला टेकलं की हात स्थिर होतो. वजन म्हणाल, तर निकॉन डी ५६००सारखा कॅमेरा नेहमीच्या लेन्ससकट पाऊण किलोच्या आत बसतो. ज्या बायकांनी डोक्यावर दोन-दोन हंडे आणले, त्यांचे फोटो काढायला पाऊण किलो जड म्हणायचं म्हणजे कमालच झाली.

आता कॉम्पॅक्टची बाजू. तो पर्समध्ये बसतो, म्हणून सोबत राहतो. गावात अचानक दिंडी आली, बैल सजवून निघाले, तर हाताशी असलेलाच कॅमेरा कामाचा. त्याला पाहून माणसं बिचकत नाहीत. मोठा कॅमेरा काढला की लोक एकदम ताठ होतात, लग्नातल्यासारखे उभे राहतात. लांबचं जवळ आणायची ताकद कॉम्पॅक्टमध्ये स्वस्तात मिळते. मोठ्या चकतीचे कॉम्पॅक्टही असतात, अगदी डीएसएलआरएवढ्या चकतीचेसुद्धा, आणि ते फार छान आहेत. पण २०२४ साली आलेला फुजीचा एक्स-१०० मालिकेतला कॅमेरा दीड लाखाच्या पुढे जातो. पेन्शनीत परात हवी असेल तर ती जुन्या बाजारातच मिळते.

आणि जुना बाजार सध्या भरलेला आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे पाहिले. २०१० साली सगळे मिळून बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हाच आकडा ८० लाखांच्याही आत होता. फोननं कॉम्पॅक्ट खाल्ला, आणि आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी डीएसएलआरला मागं सारलं. कॅनन आणि निकॉन या दोघांचे शेवटचे नवे डीएसएलआर आले ते २०२० साली. लग्नाचे फोटो काढणारे आपले सेलू-परभणीचे व्यावसायिक मिररलेसकडे वळले, आणि त्यांचे धडधाकट डीएसएलआर विकायला निघाले.

मुलगा म्हणतो, "म्हणजे मेलेली वस्तू घेतेस!" त्याला माझं उत्तर असं, की नवं मॉडेल निघत नाही म्हणून जुन्याला दिसायचं बंद होत नाही. लेन्सेस बाजारात उदंड आहेत. पुढची दहा वर्षं तो चालला तर मला पुरे, आणि खरं म्हणजे मला लागणारी वर्षं माझी नाहीतच. ज्यांचे फोटो काढायचे त्यांची आहेत. ती दोन-चार असतील.

जुना कॅमेरा डोळे झाकून घेऊ नये, हे मात्र शंभर टक्के खरं. कुणी घेणार असाल तर एवढं बघा. पहिलं, शटर किती वेळा पडलंय. मोटारसायकलचे किलोमीटर बघतो तसंच हे. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख फोटोंचं धरतात. निकॉनच्या फोटोतच हा आकडा लपलेला असतो, जाणकार काढून देतो. पन्नास हजाराच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. लग्नातला कॅमेरा असेल तर हे आधी बघा. दुसरं, लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स परत द्या. तिसरं, छिद्र अगदी लहान करून, म्हणजे एफ १६ ठेवून, पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण किंमत कमी करून मागा! चौथं, निकॉनच्या डी ३०००, डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना मोटर असलेलीच लेन्स घ्या, नाहीतर फोकस हातानं फिरवत बसावं लागेल. आणि काही झालं तरी हातात घेऊन, दहा-वीस फोटो काढून मगच पैसे द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका, लेन्ससाठी राखून ठेवा. कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स अंधारात डोळे किलकिले करते. तेवढ्याच अंतराला ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली, तर सहापटीच्या आसपास उजेड आत येतो. परात आणली आणि तिच्यावर झाकण ठेवलं, तर उपयोग काय? मी पाच-सहा वर्षं जुना कॅमेरा आणि ही एक लेन्स, असा हिशोब केला आहे. पावसाळ्यात दोन्ही हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं. लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

शेवटी एक सांगते, आणि हे कुठलाही कॅमेरा घेणाऱ्याला सांगते. फोटो कागदावर छापा. माझा नियम ठरला आहे. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि काढलेल्या फोटोची एक प्रत आठ दिवसांच्या आत त्या बाईच्या हातात द्यायची. सुनेच्या फोनवर पाठवून काम झालं असं समजायचं नाही. तिच्या स्वतःच्या हातात, म्हणजे ती स्वतःला बघेल, नावं ठेवेल, हसेल, शेजारणीला दाखवेल. भिंतीवर लागायचा तेव्हा लागेल. त्याआधी तो तिचा असला पाहिजे.

प्रयोगातल्या त्या आजींना तिन्ही फोटो नेऊन दाखवले. फोनचा गुळगुळीत फोटो त्यांनी सुनेकडे सरकवला. डीएसएलआरचा हातात धरला, हनुवटीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तो कुठल्या जत्रेत, कुणाच्या मांडीवर डोकं ठेवून गोंदवला, ते पाऊण तास सांगत होत्या. सून म्हणाली, हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

तुमच्याही घरात, गावात अशा कुणी असतील. कॅमेरा कोणता का असेना, या दिवाळीच्या आत त्यांच्याकडे जाऊन या. आणि काय केलंत ते मला जरूर कळवा.